जुन्या मालाचा फोटो

आबा,

शेवटचं पाणी तुमच्या तोंडात मी घातलं. खरं तर लेकानं घालायचं, पण हे औषधाच्या दुकानात गेले होते आणि शेजारच्या काकू घाईनं म्हणाल्या, "सुनंनं घातलं तरी पोचतंय, घाल गं." मी चमच्यानं घातलं. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते ओढणीनं पुसलं. अशा वेळी माणसाच्या मनात देवाचं नाव यावं. माझ्या मनात आलं, हे तोंड मी डब्यावर छापलंय.

आज सोळा दिवस झाले. पाहुणे पांगले. तुमच्या लेथवर ह्यांनी जुनी चादर टाकली आहे आणि शेडचं दार लावून घेतलंय. मी दिवसातून दोनदा दार उघडते, भुसा झाडायचा म्हणून. झाडत काही नाही. तुमच्या स्टुलावर बसते आणि जे तुमच्यासमोर कधी बोलले नाही ते मनात जुळवत बसते. तोंडी जमत नाही म्हणून लिहायला घेतलंय.

तुम्ही मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणालात. सासरा सुनेला अक्का म्हणतो हे ऐकून आमच्या कळंब्याच्या गल्लीतल्या बायका हसायच्या. पण माझं माहेर गडहिंग्लज, आणि तुम्ही तरुणपणी लाकडाचं कातकाम शिकलात तेही गडहिंग्लजलाच, एका म्हाताऱ्या कातारी गुरूकडं. तिकडं कानडी वळणानं घरातल्या लेकीलाही अक्का म्हणतात. तुमची शेतकऱ्याची जात, घरात कुणी लेथला हात लावलेला नाही, आणि तुम्ही ऊस सोडून लाकूड गोल करत बसलात म्हणून थोरल्या भावानं तुमच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. मला बघायला आलात तेव्हा माझ्या वडलांना म्हणालात, "ह्या गावानं मला हातातली कला दिली, आता पोरगी पण द्या की." वडील विरघळले. बाकी चौकशी कुणी केलीच नाही.

पहिल्या वर्षी मला करमत नव्हतं. तेव्हा तुम्ही मला शेडमध्ये बोलावून केवड्याचं पान हातात दिलंत. काळ्या कुड्याचं लाकूड, नावाला काळा, आत दुधासारखं पांढरं. ते लेथवर गरगर फिरायचं, तुम्ही त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायचात, घासून घासून लाख वितळायची आणि लाकडाला चिकटायची. मग माझी पाळी. पान दाबून धरायचं. आधी नुसता डागाळलेला रंग दिसायचा आणि बघता बघता त्याला आरशासारखी लकाकी यायची. मी पोरीसारखी टाळ्या पिटल्या होत्या. "पान दाबायचं, पर रागानं न्हाय," तुम्ही म्हणालात. माझी ती पहिली शिकवणी. ह्या घरात मला जागा मिळाली ती स्वयंपाकघरात नाही, शेडमध्ये मिळाली, आणि ती तुम्ही दिलीत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग तो खुळखुळा. मूठभर लांबीचा दांडा, वर लाकडाचाच गोल गोंडा, आणि दांड्यावर त्याच लाकडातून कातलेल्या तीन सुट्या कड्या. लोक विचारायचे, कड्या आत घातल्या कशा? तुम्ही म्हणायचात, "घातल्याच न्हाईत. त्या आतच हुत्या, मी बाकीचं काढलं." खुळखुळा तयार झाला की तुम्ही तो तोंडात घालायचात. दांडा, गोंडा, एकेक कडी. जीभ सगळीकडून फिरवायची, खालच्या चार दातांनी हलकं चावायचं, मग धुवायचा, पुसायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचा. एकही खुळखुळा असा बघितल्याशिवाय शेडच्या बाहेर गेला नाही. मी नवीन असताना विचारलं होतं, की हाताला कळत नाही का? तुम्ही तळहात पुढं केलात. घट्टे पडून त्याची पायताणाची कातडी झाली होती. "ह्या हाताला काय कळतंय? लाकडाची कूस बोटाला गावत न्हाय, जिभंला गावती. आनि पोरगं काय बोटानं खातंय व्हय?" गुरूनं शिकवलेलं होतं ते. जे आपल्या तोंडात जात नाही, ते पोराच्या तोंडात घालायचं नाही. दुकानाचा नियम म्हणा, नाहीतर देवधर्म म्हणा, तुमचा तेवढाच होता.

वर्षानुवर्षं तुमचा माल जोतिबावरच्या दुकानांत जायचा. भोवरे, पांगुळगाडे, खुळखुळे. दुकानदार पडेल भावानं घ्यायचे आणि गुलालात ठेवायचे. मला ते बघवेना. माझ्या हातात मोबाईल होता, थोडं शिक्षण होतं आणि तोंडाचा पट्टा तर माहेरूनच आणलेला. मी पेज काढलं, फोटो टाकले, प्रदर्शनांत टेबल घेतलं. तुम्ही कौतुकानं बघत होतात. "अक्का, तू इकायचं काम करतीस, मी कातायचं. दोघांत एक मानूस पुरा हुतोय." हे तुम्ही भेटेल त्याला सांगायचात.

आता त्या प्रदर्शनाचं. तुम्ही विसरला नव्हता हे मला माहीत आहे, कारण तुम्ही त्याबद्दल एकदाही बोलला नाहीत.

कोल्हापुरातलाच हॉल होता. तुम्ही पांढरा लेंगा, टोपी घालून हौसेनं आला होता. एक मुलगी आली, पोटाशी पिशवीत बांधलेलं सहा महिन्यांचं बाळ. तिनं खुळखुळा उचलला आणि विचारलं, हे सेफ आहे का? तिला उत्तर म्हणून तुम्ही तिच्या हातातला खुळखुळा घेतलात, तोंडात घातलात, चावून दाखवलात, सदऱ्याला पुसलात आणि हसत पुढं केलात. "घ्या पावणं. काय सुदिक हुत न्हाय." ती दोन पावलं मागं सरकली. बाळाच्या तोंडावर तिनं हात धरला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आणि मी, तुमची अक्का, मोठ्यानं ओरडले, "आबा! काय हे! लोकांना किळस येते. घरी काय करायचं ते करा, इथं नको." तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी त्या मुलीकडं वळून म्हणाले, "सॉरी मॅडम, जुनं माणूस आहे, त्यांना कळत नाही."

तुम्ही तो खुळखुळा खिशात ठेवलात. थोडा वेळ खुर्चीवर बसलात. मग "च्या पिऊन येतो" म्हणून गेलात ते एकटेच बस धरून घरी आलात. पुढच्या प्रदर्शनाला विचारलं तर म्हणालात, "पाय दुखत्यात अक्का." पाय दुखत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही कळंब्याच्या तळ्याला पूर्ण चक्कर मारून आलात, मी गच्चीवरून बघितलं. तरी मी म्हणाले, बरं, राहू दे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना कान तापलेत माझे.

आणि त्याच वर्षीच्या थंडीत कॉलेजची एक मुलगी शेडमध्ये आली. तिला कसलं तरी प्रोजेक्ट करायचं होतं. तिनं तुमचा फोटो काढला. तोंडात खुळखुळा, डोळे मिटलेले, सुरकुत्यांवर लाकडाचा भुसा, आणि चेहऱ्यावर एखादं पोरगं दूध पिताना असतो तसला भाव. मी तो पेजवर टाकला आणि काय सांगू, लोक तुटून पडले. 'असे आजोबा हवेत', 'डोळ्यांत पाणी आलं'. ज्याची एका बाईला किळस आली तेच शेकडो लोकांना फोटोत गोड वाटलं. मी लगेच तो डब्यावर छापून घेतला. खाली ओळ टाकली : 'लाखेचं काम. प्रत्येक खुळखुळा आजोबांनी तोंडात धरून तपासलेला.' हॉलमध्ये लपवलेलं तोंड मी डब्यावर मांडून विकायला लागले. तुम्हाला डबा दाखवला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दाढी तरी करून बसलो असतो."

तेव्हा तो डबा खरा होता. पुढं बिघडलं.

तक्रारी यायला लागल्या. आया खुळखुळा पाण्यात उकळायच्या. बाटली उकळतात तसा. लाख ती, उकळत्या पाण्यात तिचं काय होणार? रंग पांढरा पडायचा, चिकट व्हायचा. पुण्याच्या एका दुकानानं सगळाच माल घ्यायची मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली की उकळून टिकलं पाहिजे आणि चकाकीही जास्त पाहिजे. मी तुमच्याशी बोलायला आले तर तुम्ही म्हणालात, "खुळखुळा उकळायचा नसतोय, पुसायचा असतोय. डब्यावर लिव्ह की तसं." आबा, एका ओळीचं काम होतं. 'उकळू नये, ओल्या फडक्यानं पुसावे.' पण मला वाटलं, अशा सूचना लिहिल्या की गिऱ्हाईक बिचकतं. मी फर्निचरवाल्याला विचारून मेलामाईन पॉलिश आणलं, स्प्रेगन आणली. शेडमध्ये थिनरचा वास भरला. माल निघाला काचेसारखा.

आपलं भांडण तेव्हाचं. खरं म्हणजे मीच भांडले. तुम्ही कुठं भांडता? मी म्हणाले, वाळल्यावर काही होत नाही, दुकानदार सांगतोय. तुम्ही म्हणालात, "वाईट हाय असं मी म्हनत न्हाय. मला ठावं न्हाय. लाख मला ठावं हाय, चाळीस वर्सं खाल्ली. ह्ये ठावं न्हाय, म्हून तोंडात घालत न्हाय." मी म्हणाले, मग नका घालू, तेवढा वेळ वाचेल. आणि तुम्ही खरंच घातला नाहीत. कातायचं काम पहिल्यासारखंच मन लावून, कड्या पहिल्यासारख्याच सुबक, पण स्प्रेगनवाला रंगारी पॉलिश मारून गेला की तुम्ही त्या मालाकडं पाठ करायचात. मी बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते.

डबे तेच राहिले. खूप छापून ठेवले होते, हे कारण. फोटोवर खपत होतं, हे खरं कारण.

एकदा आपण दोघं माल भरत होतो. तुम्ही डबा हातात धरून बराच वेळ स्वतःकडं बघत बसलात आणि म्हणालात, "अक्का, ह्यो फोटू जुन्या मालाचा हाय."

मी म्हणाले, "फोटोच तर आहे, आबा."

तुम्ही मान हलवलीत आणि खुळखुळा डब्यात ठेवलात. त्या वाक्यावर मी तुमच्याशी पुढं कधीच बोलले नाही. रोज ठरवायचे, नवे डबे छापताना ओळ बदलू. नवे डबे आले तेव्हा मी जुनीच फाईल पाठवली होती.

आणि आता जे सांगायचं ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच ठाऊक आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. बारशाला गडहिंग्लजला जायचं होतं. बाळासाठी खुळखुळा न्यायचा म्हणून मी शेडमध्ये आले. टेबलावर भरलेले चकचकीत डबे रचून ठेवले होते, हात लांब केला की मिळेल असे. मी ते ओलांडून कपाटाशी गेले, खाली वाकले आणि मागच्या खणातून फडक्यात गुंडाळलेला जुना, पिवळ्या लाखेचा खुळखुळा काढला. वळले तर तुम्ही दारात उभे. मी चोरासारखी थिजले. तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंत, टेबलाकडं बघितलंत, आणि इतक्या मायेनं म्हणालात, "जुन्यातला घेतलास व्हय? बरं केलंस."

ओरडला असता तर सोसलं असतं. मलाही काही ठाऊक नव्हतं, दुकानदारानं सांगितलं ते मी ऐकलं, असं मी सगळ्यांना सांगू शकते. तुम्हाला नाही सांगू शकत. माझा हात कुठं गेला ते तुम्ही बघितलंत. लोकांच्या लेकरांना एक आणि आपल्या लेकराला एक. आमच्या आईला कळलं असतं तर तिनं मला उंबऱ्यात उभं केलं नसतं.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडं एक वही आणि पेन मागितलं. दुपारी जेवण झालं की स्टुलावर बसून काहीतरी लिहीत बसायचात. मला वाटलं, जप लिहिताय. मी थट्टाही केली, "आबा, आता देवाचा नंबर लागला का?" तुम्ही म्हणालात, "व्हय की. उशिरा का हुईना." वही संपली की दुसरी मागायचात. माल भरायचं कामही तुम्ही अंगावर घेतलंत. "तू फोन बघ, डबं मी भरतो." मला बरंच वाटलं.

तुम्ही गेल्यावर दारात आलेला प्रत्येक माणूस एकच बोलला. एक म्हातारे गृहस्थ माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रत्येक खुळखुळा तोंडात धरून बघनारा मानूस. आता असलं कोन न्हाय." मी मान डोलावली. तुमच्या फोटोला हार घातलेला, समोर समई, आणि मी मान डोलावते आहे. फोटोही तोच लावला होता, दुसरा चांगला नव्हता. तुम्ही तेरा दिवस तोंडात खुळखुळा धरून भिंतीवरून माझ्याकडं बघत होतात. डोळे मिटलेले होते म्हणून निभावलं.

चौदाव्या दिवशी मी पुण्याच्या त्या दुकानात फोन केला. बाई भल्या आहेत, आधी तुमच्याबद्दल हळहळल्या. मी म्हणाले, "मला एक सांगायचंय. डब्यावर लिहिलंय ते गेल्या वर्षभराच्या मालाला लागू नाही. ती लाख नाही. आबांनी तो माल तोंडात धरलेला नाही." वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पलीकडून त्या म्हणाल्या, "हो, ते आजोबांच्या चिठ्ठीत होतंच की."

मी म्हणाले, "कसली चिठ्ठी?"

"डब्यात असायची. प्रत्येक डब्यात. आम्हाला वाटलं तुमची काहीतरी चूक झाली असेल, म्हणून आम्ही काढून ठेवायचो. गिऱ्हाईक उगाच घाबरतं हो. आणि ताई, तो फोटो मात्र बदलू नका. फोटोवरच जातं."

मी फोन तसाच ठेवून शेडमध्ये पळाले. पाठवायचे राहिलेले डबे कोपऱ्यात होते. पहिला उघडला. खुळखुळ्याखाली वहीचं चतकोर पान, चार घड्या घातलेलं. दुसऱ्यात तेच. सगळे उघडले, आबा. सगळ्यांत होतं. तुमचं ते सातवी पास, शिरोरेषा घट्ट ओढलेलं अक्षर :

'स. न. वि. वि. हा खुळखुळा मी तोंडात धरून बघितलेला नाही. फोटो जुन्या मालाचा आहे. बाळास देण्याआधी आपण धरून बघावा. कळावे.'

हाच तो जप. माझा एक शब्द मोडला नाहीत, गल्लीत ना घरात माझी मान खाली जाऊ दिली नाहीत, माल थांबवला नाहीत. माझं खोटं वर छापलेलं, त्याच्या खाली तुम्ही रोज दुपारी तुमचं खरं हातानं लिहून ठेवत गेलात. आणि तेही कुणाच्या हातात पडू दिलं नाही माझ्याच धंद्यानं. चिठ्ठीत कुठं माझं नाव नाही. 'सुनेने केले' असं एका ओळीत लिहिता आलं असतं. जागा होती.

ते डबे आता जाणार नाहीत. गेलेल्यांचं काय करायचं मला कळत नाही. ती बाळं कुठल्या घरांत आहेत ते दुकानालाही सांगता येईना. म्हणून निदान जिथं मी तो फोटो सगळ्यांना दाखवला, तिथं तरी बोलायचं ठरवलं. आज सकाळी पेजवरचा तुमचा फोटो काढला. त्या जागी तुमच्या चिठ्ठीचा फोटो टाकायचा होता. चिठ्ठी स्टुलावर सरळ करून ठेवली, मोबाईल वर धरला आणि हात थांबला. एवढीच टाकली तर लोक पुन्हा तुमचंच कौतुक करतील, आणि मी पुन्हा मान डोलावीन.

'कळावे'च्या खाली दोन बोटं जागा तुम्ही सोडली होती. तुमच्याच पेनानं मी तिथं लिहिलं, 'मला हे माहीत होतं. माझ्या बहिणीच्या बाळाला मी जुन्यातला दिला.' आणि सही केली : अक्का.